लातूरच्या दवाखान्यातली सहा फुटी टाकी: खाऱ्या पाण्याच्या रीफसाठी माशांची निवड

लातूरमधलं एक बालरुग्णालय. प्रतीक्षा कक्षाच्या भिंतीला लागून सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी. खालच्या कपाटात संप (पाणी गाळणारी खालची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र). खडक आणि वाळूची जागा वजा करून, संपातलं धरून, साडेआठशे लिटरच्या आसपास खारं पाणी. डॉक्टरांनी मला बोलावलं तेव्हा टाकी सुरू होऊन दीडेक महिना झाला होता. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर होते, क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ होती. आत चार डॉमिनो डॅम्सल फिरत होते. पाणी तयार व्हावं म्हणून टाकी बसवणाऱ्यानेच ते सोडले होते. आता डॉक्टरांना खरे, रंगीत, मोठे मासे आणायचे होते आणि त्यासाठी त्यांनी चौदा नावांची यादी काढून ठेवली होती.

गोड्या पाण्याच्या टाकीत एखादा मासा इतरांशी पटला नाही तर जाळी घालायची आणि बाहेर काढायचा, पाच मिनिटांचं काम. रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या, टाकीत तसं नसतं. तिथे पन्नास किलो खडक एकमेकांवर रचलेले असतात, त्यावर प्रवाळ चिकटवलेलं असतं आणि माशाला लपायला पन्नास कपारी असतात. न पटलेला मासा काढायचा म्हणजे सगळी रचना उचकटायची. म्हणून रीफसाठी मासा निवडताना मी एकच गोष्ट धरून चालतो: आत गेलेला मासा परत बाहेर येणार नाही. डॉक्टरांशी पहिल्या बैठकीत हेच बोललो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहायचे ठरलं. हा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? हा काय खातो, आणि ते आपल्या टाकीत दुसरं कुणी खातं का? आणि रात्री हा कुठे झोपतो?

तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टर थांबले. माशांची बहुतेक भांडणं खाण्यावरून होतात असा त्यांचा समज होता. माझ्या पाहण्यात झोपण्याच्या कपारीवरून होणारी भांडणं जास्त आहेत. संध्याकाळी दिवे मंदावतात त्या पाऊण तासात टाकीसमोर बसलं की टाकीचं सगळं राजकारण दिसतं.

डॉक्टरांची यादी

सुरुवात लायनफिशपासून केली, कारण त्यावर डॉक्टरांच्या मुलाचा जीव होता. लायनफिश प्रवाळाला तोंड लावत नाही, म्हणून दुकानात तो ‘रीफ-सेफ’ म्हणून विकतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण रीफमध्ये प्रवाळ असतं तसे लहान मासेही असतात. लायनफिश आपल्या तोंडात मावेल ते सगळं गिळतो आणि त्याचं तोंड आपण समजतो त्यापेक्षा बरंच मोठं उघडतं. शिवाय त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. या टाकीत रोज हात घालणारे होते दवाखान्यातले मामा. लहान मुलांच्या दवाखान्यात तो धोका कशाला? नाव खोडलं.

एम्परर एंजल खोडणं जड गेलं. दुकानातल्या फोटोत तीन इंचांचं पिल्लू होतं: गडद निळ्या अंगावर पांढरी वलयं, बघत राहावं असं. हाच मासा मोठा झाला की वलयं जाऊन पिवळे पट्टे येतात, म्हणजे जो मासा आवडला म्हणून घेतला तो पुढे दिसतच नाही. लांबी चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. आणि मुख्य म्हणजे तो प्रवाळाचे मऊ भाग कुरतडतो. ज्यांच्या टाकीत फक्त मासे आणि खडक आहेत त्यांनी मोठी टाकी असेल तर जरूर ठेवावा. इथे प्रवाळ ठेवायचं होतं.

प्रवाळाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुष्कळांना ती माहीत नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. यादीत समुद्रघोड्यांची जोडी होती. दुकानदार ‘मिळवून देतो’ म्हणाला होता. ते नाव मी चर्चेलाच घेतलं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी समुद्रघोडा या टाकीत जगला नसता. रीफला लागणाऱ्या जोरदार प्रवाहात त्याला धड पोहता येत नाही आणि चपळ माशांपुढे त्याच्या वाट्याला खाणं येत नाही. या टाकीत कृत्रिम खडक वापरला आणि झोअँथिड, मश्रूम, लेदर अशी मृदू प्रवाळं ठेवली, तीही दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेल्या तुकड्यांमधून.

पफर कोळंबी आणि गोगलगायी फोडून खातो, म्हणून गेला. मूरिश आयडॉल टाकीत क्वचितच नीट खायला लागतो, म्हणून गेला. ॲनिमोन, म्हणजे क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी, मुलांना हवा होता, पण तो एका जागी राहत नाही. सरकत सरकत वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या यंत्राच्या, पंख्यात जातो आणि तुकडे झाले की सगळं पाणी नासवतो. क्लाउनफिशला टाकीत ॲनिमोन लागतोच असं नाही. मँडरिन ड्रॅगनेट मी खोडला नाही, पुढे ढकलला. तो खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव दिवसभर टिपत राहतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि मासा डोळ्यांदेखत वाळत जातो.

मे महिना धरून आकडा

मोठी टाकी आहे, तर वीस-पंचवीस मासे सहज मावतील, असा डॉक्टरांचा हिशोब होता. मुंबईत कदाचित मी याला हो म्हटलं असतं. लातूरमध्ये नाही.

खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि वीज नेमकी दुपारी जाते. चिलर इन्व्हर्टरवर चालत नाही. इन्व्हर्टरवर चालतो तो एक वेव्हमेकर, एक हवेचा पंप आणि पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे. त्या दोन-तीन तासांत टाकीतले सगळे मासे तेवढ्याच ऑक्सिजनवर राहणार. किती मासे ठेवायचे हा आकडा त्या दुपारवरून ठरवावा लागतो, हिवाळ्यातल्या टाकीवरून नाही.

मराठवाड्याची कोरडी हवा मात्र इथे मदतीला येते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की साडेआठशे लिटर पाणी अर्ध्या-पाऊण अंशाने थंड होतं. समुद्रकाठच्या दमट हवेत पंख्याने एवढं पाणी उडतच नाही. आपल्याकडे उडतं, आणि मग ते रोज भरावं लागतं, तेही आरओचं. बोअरचं जड पाणी थेट घातलं तर शेवाळ माजतं. आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे शहर. म्हणून आरओचं बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासाच्या टाकीकडे वळवल्याशिवाय मी काम पुढे नेलं नाही.

या हिशोबात दोन नावं बदलली. हिरवे क्रोमिस दहा हवे होते. ते थव्याने सुंदर दिसतात, पण टाकीत सहसा एकेक करून कमी होत जातात, कारण बलवान मासा दुबळ्याला टोचत राहतो. अँथियसचा पर्याय डॉक्टरांनी सुचवला. ते चपळ, सतत पोहणारे, दिवसातून तीनदा खाणारे मासे. विजेविना दुपारी सगळ्यात आधी तेच थकतील. त्याऐवजी पाच पजामा कार्डिनल ठरवले. हे एका जागी तरंगत राहतात, एकमेकांशी जमवून घेतात आणि खाण्यावर तुटून पडत नाहीत. प्रतीक्षा कक्षात बसलेल्या मुलालाही ते निवांत न्याहाळता येतात.

सर्जनफिश: कोण, किती

सगळ्यात लांबलेली चर्चा सर्जनफिशवर झाली. यादीत तीन होते: पावडर ब्लू, सेलफिन आणि हिप्पो टँग, म्हणजे पोरं ज्याला डोरी म्हणतात तो. या घराण्यातल्या माशांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो. सर्जन हे नाव त्यावरूनच पडलं. भांडताना ते तोंडाने चावत नाहीत, शेजारून जाताना शेपूट फिरवतात.

पावडर ब्लू हिंदी महासागराचा मासा. आपल्या बाजारात सहज मिळतो, फार महाग नसतो आणि दिसायला तीनही माशांत देखणा. दवाखान्यातल्या मॅडमना तोच हवा होता. मी ठामपणे नाही म्हणालो. त्याच्यासारखा हद्दीवरून भांडणारा मासा रीफमध्ये विरळाच. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे मरीन इच, त्याला चटकन धरतो. आणि प्रवाह, ऑक्सिजन यांत थोडी कसर पडली की त्याची तब्येत उतरते. आपल्या मे महिन्यात तो उभा राहणार नाही.

"मग आणायचे तरी कोणते? सगळेच नको म्हणालात तर टाकीत बघायचं काय?" मॅडमचा प्रश्न रास्त होता.

सर्जनफिश एकत्र ठेवायचे तर त्यांचा आकार, वंश आणि खाण्याची पद्धत वेगवेगळी असावी. स्वतःसारख्या दिसणाऱ्या माशावर ते आधी धावून जातात. हिप्पो टँग लांबट, मधल्या पाण्यात पोहतो आणि बराचसा प्लवकांवर जगतो. झेब्रासोमा वंशाचे मासे उंच, ताटलीसारखे, आणि दिवसभर खडकावरचं शेवाळ चरत राहतात. म्हणजे या दोघांचं गिऱ्हाईक वेगळं. सेलफिनही झेब्रासोमाच, पण तो चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो. सहा फुटांत पुढे त्याची कोंडी होईल. त्याच वंशातला स्कोपास वीस सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. रंगाने मातकट तपकिरी, म्हणून दुकानात त्याकडे कुणी बघत नाही. मॅडमनीही फोटो पाहून नाक मुरडलं. पण जवळून, पांढऱ्या-निळ्या दिव्याखाली त्याच्या अंगावर बारीक फिकट रेघांची जाळी दिसते, आणि शेवाळावर तो जे काम करतो ते दुसरा कुणी करत नाही. हिप्पो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद टाकी ही त्याच्यासाठी शेवटची हद्द आहे, हेही मी स्पष्ट सांगितलं. एक स्कोपास, एक हिप्पो, बस्स.

डॉमिनोंना बाहेर काढणं

काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके, सुपारीएवढा जीव. डॉमिनो डॅम्सल लहान असताना कुणालाही गोंडस वाटतो. पण तो चौदा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि आधी आलेला म्हणून टाकीचा मालक होतो. मामांनीच ते आधी ओळखलं होतं. "सर, ते काळे मला हात घालू देईनात. बोटाला चावायलेत," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. टाकी तयार करायला मासा लागत नाही. अमोनिया बाहेरून घालून आणि बाटलीतले जिवाणू सोडून ते काम होतं. तरी हे मासे अजून सर्रास दिले जातात.

आत पारदर्शक ॲक्रिलिकचा सापळा ठेवला, त्यात कोळंबीचा तुकडा, दार दोरीला बांधलेलं. दोघे पहिल्याच दिवशी आले. तिसरा दोन दिवस सापळ्याभोवती घिरट्या घालून आत आला. चौथा आलाच नाही. त्याने तिघांना अडकताना पाहिलं होतं आणि मधल्या मोठ्या खडकातली एक कपार तो सोडायला तयार नव्हता. शेवटी रात्री दवाखाना बंद झाल्यावर दोन तृतीयांश पाणी ड्रममध्ये काढलं. मामांनी टॉर्च धरला, मी वरून एकेक खडक उचलत गेलो. तो ज्या खडकात होता तो खडकच पाण्याबाहेर उचलला, बादलीवर उलटा धरला, आणि भोकातून वाहणाऱ्या पाण्याबरोबर डॉमिनो टपकन खाली आला. तेव्हा आत प्रवाळ नव्हतं म्हणून हे जमलं. चारही मासे एका मासेवाल्याने परत घेतले.

त्यानंतर टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवली. डॉमिनोंच्या अंगावर ठिपके दिसत नव्हते, पण इचचा परजीवी दिसला नाही म्हणजे नाही असं होत नाही. त्याची एक अवस्था वाळू-खडकावर कोष करून पडून राहते, फुटली की पोहत मासा शोधते. मासा मिळाला नाही की मरते. रीफमध्ये तांब्याचं औषध घालता येत नाही, त्याने कोळंबी आणि प्रवाळ दोन्ही जातात. उपासमार हाच उपाय. डॉक्टर म्हणाले, "तोवर पेशंटांना काय रिकामी टाकी दाखवू?" तेवढ्या काळात मृदू प्रवाळ, दोन क्लीनर कोळंब्या आणि गोगलगायी आत गेल्या. कोळंबी बघायला मुलं काचेला नाक लावून उभी राहायची.

क्रम

मासे आले ते मुंबईहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या खोक्यात, दहा-अकरा तासांचा प्रवास करून. इथे एक बारकावा पुष्कळ जण चुकतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच खाली येतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका विषारी राहत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहर होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला थेंब-थेंब पाणी सोडत तासभर त्या पिशवीत बसवू नये. पिशवी बंद असतानाच तापमान सारखं करायचं, वेगळ्या टाकीतल्या पाण्याची क्षारता आधीच पिशवीतल्या पाण्याएवढी करून ठेवायची, आणि उघडली की लगेच मासा त्यात सोडायचा, पिशवीतलं पाणी टाकून द्यायचं.

ही वेगळी, विलगीकरणाची टाकी स्टोअररूममध्ये होती: दोनशे लिटर, वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. प्रत्येक तुकडी तिथे महिनाभराहून जास्त राहिली.

मोठ्या टाकीत कोण आधी जाणार याचा क्रम माशाच्या स्वभावावरून ठरवला: सगळ्यात भित्रा आधी, सगळ्यात आडदांड शेवटी. रेल्वेच्या जनरल डब्यात आधी बसलेला नव्याला सरकू देत नाही, मासाही तसाच. पहिल्यांदा पाच कार्डिनल, एक फायरफिश आणि पिवळा वॉचमन गोबी, सोबत पिस्टल कोळंबी. गोबी आणि कोळंबीचं बीळ एकच. कोळंबीला नीट दिसत नाही, ती वाळू उपसत राहते आणि एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो आणि दोघे आत. टाकीतली सगळ्यात जास्त बघितली जाणारी जागा आज हीच आहे.

मग क्लाउनफिशची जोडी. ही ऑसेलॅरिस जातीची, पैदास केलेली घेतली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही. मुद्दाम एक मोठा, एक लहान असे निवडले. सगळे क्लाउनफिश जन्माने नर असतात आणि वरचढ ठरलेला मादी होतो. आकार आधीच वेगळा असला की ते भांडण लवकर मिटतं. टाकीत एकच जोडी. "आणखी दोन टाकू, मुलांना आवडतात," अशी मागणी झाली, ती मानली नाही.

त्यानंतर एक नर फेअरी रास. स्वभावाने शांत, पण घाबरला की उसळून बाहेर पडणारा. फायरफिशचंही तेच. काचेचं झाकण लावलं तर वाफ अडते आणि टाकी तापते, म्हणून वर बारीक जाळीची चौकट बसवली. उन्हाळ्यात पंख्याचा वारा त्यातून जातो. एका रात्री साफसफाईनंतर जाळीचा एक कोपरा उघडा राहिला आणि सकाळी फायरफिश फरशीवर सापडला. मामांना फार लागलं ते. आता चौकटीला चारही कोपऱ्यांत चिमटे आहेत.

शेवटी दोन्ही सर्जनफिश, एकाच रात्री, दिवे बंद करून. हिप्पो जरा मोठा, स्कोपास जरा लहान घेतला, कारण दोघांत स्कोपास तिखट. तरी सकाळी तो हिप्पोच्या मागे लागलाच. शेपूट आडवी करून तो हिप्पोच्या बाजूने जायचा, अंग थरथरवायचा, आणि हिप्पो खडकाच्या सांध्यात शिरायचा. सकाळी मामांचा फोन: "सर, डोरी आडवी पडलीय. मेल्यावानी दिसायलीय." लहान हिप्पो घाबरला की कपारीत कुशीवर पडून राहतो, कल्ले हलतायत का एवढं बघा म्हटलं. हलत होते. बाहेरून काचेला डाव्या टोकाला आरसा लावला. स्कोपास आपल्याच प्रतिबिंबाशी भांडण्यात गुंतला. दोन टोकांना नोरीच्या (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या) दोन क्लिपा लावल्या, म्हणजे एकाला एका क्लिपवर कब्जा करून दुसऱ्याला उपाशी ठेवता येणार नाही. आठवड्याभरात आरसा काढला. हिप्पोच्या अंगावर एक ओरखडा होता, तोही भरला.

आज टाकीत अकरा मासे आहेत. मागचा मे महिना सगळ्यांनी काढला. वीज गेल्यावर पाणी एकदा २९ अंशांपर्यंत चढलं, पण धाप लागलेला एकही मासा दिसला नाही. पंचवीस मासे असते तर त्या दुपारी काय झालं असतं, ते मी दुसऱ्यांच्या टाक्यांत पाहिलं आहे. वर्षानंतर रात्री टॉर्च मारला की काचेवर कोपेपॉडचे पांढरे ठिपके पळताना दिसू लागले. एवढ्यावर मी मँडरिनला होकार दिलेला नाही. ते हिवाळ्यातही तसेच दिसले तर एक आणू.

सध्या प्रश्न कॉपरबँड बटरफ्लायफिशचा आहे. खडकावर एप्टेशिया, म्हणजे तण म्हणून वाढणारे लहान ॲनिमोन, दिसायला लागले आहेत आणि कॉपरबँड ते खातो. पण तो टाकीत आल्यावर दुसरं काही खाईलच याची खात्री नसते, आणि एप्टेशिया संपले की उपाशी मरतो. डॉक्टरांना मी सांगितलं आहे: दुकानदाराने तो मासा दोन आठवडे आपल्याकडे ठेवावा आणि गोठवलेली मायसिस कोळंबी तो रोज खातोय याचा व्हिडिओ पाठवावा. व्हिडिओ आला तर मासा विलगीकरणाच्या टाकीत येईल. नाही आला तर एप्टेशिया एकेक करून सिरिंजने, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची लापशी सोडून मारू. मामांनी सिरिंज आणून ठेवल्या आहेत.